नव्या गिलाव्याला रंग लावताय? रोलर घेण्याआधी भिंत बघा

पेठ वडगाव : गिलावा झाला, गवंडी हिशेब घेऊन गेला, वास्तुशांतीची तारीख ठरली. आता राहिलं काय, तर रंग. मग घरातलं कुणीतरी गाडीला किक मारून वडगावला येतं आणि रंगाच्या दुकानात सांगतं, "एक नऊ इंची रोलर द्या, चांगल्यातला." दुकानदार विचारतो, "कुठल्या भिंतीला? आतल्या का बाहेरच्या? पुट्टी केलीय का?" इथं बऱ्याच जणांची गाडी अडते. कारण रोलर म्हणजे रोलर, त्यात काय बघायचं, असंच आपल्याला वाटत असतं.

पण बघायचं असतं. रोलर शंभर-दोनशे रुपयांत येतो. त्याच्यावर चढणारा रंग मात्र हजारोंचा असतो आणि रंगाऱ्याची मजुरी वेगळीच. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं घरकुल घ्या. मूळ निकषाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात पाया, भिंती आणि स्लॅब होईपर्यंतच दमछाक होते. रंगाचे पैसे उसाच्या बिलातून नाहीतर उसनवारीतून येतात. असा रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरून निघाला, तर पुन्हा लावायला पैसे आणायचे कुठून?

म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्याच भिंतीला तीन प्रश्न विचारायचे. भिंत वाळलीय का? भिंत किती खरखरीत आहे? आणि तिच्यावर रंग कुठला लागणार? ही तीन उत्तरं हातात असली की कुठला रोलर आणि कुठला ब्रश, हे आपोआप कळतं.

पहिला प्रश्न : भिंत वाळलीय का?

गिलावा हाताला कोरडा लागतो म्हणजे तो वाळला, असं नसतं. सिमेंटच्या गिलाव्याला आधी किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, तेव्हा त्याला ताकद येते. त्यानंतर आत मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर पडत राहतं. त्यामुळे रंग कंपन्या साधारण २८ दिवस, म्हणजे चार आठवडे थांबायला सांगतात. हा हिशेब उघडीप असलेल्या दिवसांचा आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. त्या दिवसांत झालेल्या गिलाव्याला चार आठवडे पुरतीलच असं नाही.

थांबायचं कशासाठी? एक कारण पाण्याचं. रंगाचा थर बसला की आतलं पाणी अडकतं आणि बाहेर पडायला वाट शोधतं. वाट मिळाली नाही की रंगाला फुगे येतात, पुढं त्याचेच पोपडे होतात. दुसरं कारण क्षाराचं. ताजं सिमेंट फार तिखट, म्हणजे अल्कलीधर्मी असतं. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट लावला, तर हा क्षार रंगातल्या तेलाचा चक्क साबण करतो. रंग चिकट होतो आणि सुटतो. पाण्याच्या रंगाचंही नुकसान होतंच. गडद छटा असेल तर ठिकठिकाणी ती फिकी पडते. भिंतीवर पांढरी पूड येते, तिला आपण खार फुटला किंवा लोणा लागला म्हणतो.

घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद घ्या. भिंतीवर लावून चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा बघा, म्हणजे साधारण १६ तास होतात. कागदाच्या आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत काळपट पडली असेल, तर अजून थांबा. तपासणी एकाच जागी करू नका. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, उत्तरेकडची भिंत आणि जमिनीलगतचा भाग हमखास मागं राहतात.

वारणाकाठच्या गावांतल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथं अनेकांनी खालचा गिलावा काढून नवा केला. अशा भिंतीत खाली नवा गिलावा आणि वर जुना असतो. दोन्ही रंग वेगवेगळा पितात. नुसता रंग मारला तर जोडाची रेघ कायम दिसते. नव्या भागाला वाळू द्या, तिथं आधी एक जादा हात प्रायमर द्या आणि मगच सगळ्या भिंतीला एकसारखं घ्या.

तारीख जवळ आलीय, मग काय करायचं?

हाच खरा पेच आहे. मुहूर्त पंधरा दिवसांवर आणि भिंत ओली. अशा वेळी महागडा इमल्शन लावून पैसे घालवू नका. आतून चुन्याचा हात द्या. चुना स्वतःच क्षारधर्मी आहे, त्यामुळे ताज्या सिमेंटशी त्याचं भांडण नाही. शिवाय भिंतीतली वाफ तो अडवत नाही. घर पांढरं स्वच्छ दिसतं आणि कार्यक्रमही पार पडतो. बाहेरून सिमेंट पेंट चालतो. तो तर भिंत ओली करूनच लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पाणीही शिंपडावं लागतं.

मात्र एक अट आहे. पुढं इमल्शन लावायचं ठरवलं की सुटा चुना पूर्ण खरवडून काढायचा. चुन्यावर तसाच रंग मारला तर रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला सोडतो. चुना आणि सिमेंट पेंट रोलरनं लावायच्या भानगडीत पडू नका. त्यांना कुंचा किंवा रुंद ब्रशच बरा. पातळ चुना रोलरवरून अंगावर ओघळतो आणि भिंतीवर कमी बसतो. चुना कालवताना, लावताना डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेतच. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

दुसरा प्रश्न : भिंत किती खरखरीत?

रोलर निवडताना सगळ्यात महत्त्वाचं काय, तर त्याच्यावरच्या केसांची लांबी. दुकानात लोक रोलर किती इंची हे विचारतात, केस किती लांब हे कुणी विचारत नाही. नियम साधा आहे. भिंत जितकी गुळगुळीत, तितके केस आखूड. भिंत जितकी खरखरीत, तितके केस लांब.

पुट्टी करून घासलेली आतली भिंत असेल, तर साधारण ५ ते ६ मिलिमीटर केसांचा रोलर घ्या. थर पातळ आणि सारखा बसतो.

पुट्टी न करता साधा घोटलेला गिलावा असेल, तर १० ते १२ मिलिमीटरचा घ्या. निरू मारलेली भिंत चांगली घट्ट असेल तर तिलाही याच मापाच्या आसपासचा चालतो. पण निरूवर आधी तळहात फिरवून बघा. हाताला पांढरी पूड येत असेल तर ती ब्रशनं झाडून, घासून काढा आणि प्रायमर द्या. पुडीवर लावलेला रंग पुडीबरोबरच जातो.

बाहेरची सँडफेस भिंत असेल, तर १८ ते २० मिलिमीटर किंवा त्याहून लांब केसांचा रोलर लागतो. हल्ली क्रश सँडचा गिलावा सगळीकडं होतो आणि त्याचा खरखरीतपणा हाताला चांगलाच लागतो. अशा भिंतीवर आखूड केसांचा रोलर फिरवला तर रंग फक्त उंचवट्यांना लागतो. खड्डे कोरडेच राहतात. लांबून भिंत रंगलेली दिसते, जवळ गेलं की पांढरे-करडे ठिपके. पावसाचं पाणी त्याच ठिपक्यांतून आत शिरतं. बाहेरची भिंत दोन वर्षांत काळी पडण्यामागं एक कारण हेही असतं.

उलटी चूकही होते. लांब केसांचा रोलर गुळगुळीत पुट्टीवर फिरवला की भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठतात आणि रंगही जास्त खपतो.

तिसरा प्रश्न : रंग कुठला?

डिस्टेंपर, इमल्शन, पाण्याचा प्रायमर हे सगळे पाण्यात कालवायचे रंग. त्यांना पॉलिस्टरचा किंवा मायक्रोफायबरचा रोलर घ्या. ब्रशही नायलॉन-पॉलिस्टरच्या केसांचा घ्या. जनावराच्या केसांचा ब्रश पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. तोच ब्रश ऑइल पेंटला मात्र उत्तम.

दारं, खिडक्या, लोखंडी ग्रिल यांना ऑइल पेंट लागतो. सपाट दाराला चार इंची स्पंजचा रोलर चांगला, ग्रिलला ब्रशच. स्पंजचा रोलर स्वस्त मिळतो म्हणून तोच भिंतीला वापरू नका. त्यातून बुडबुडे उठतात, ते वाळले की बारीक खड्डे दिसतात आणि खरखरीत गिलाव्यावर स्पंज एका दिवसात फाटतो.

ऑइल पेंटचा डबा घेताना शिशाचं प्रमाण वाचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. घरात रांगतं मूल असेल तर बिननावाचा सुटा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दुकानात रोलर कसा पारखायचा?

पॅकेट उघडता आलं तर चार गोष्टी बघा. केसांवर अंगठा दाबून सोडा, केस लगेच वर आले पाहिजेत. चिमटीत धरून हलकेच ओढा, केस हातात येत असतील तर ते तुमच्या भिंतीलाही चिकटणार. कापडाच्या जोडावरून बोट फिरवा, उंचवटा लागला तर प्रत्येक फेऱ्याला भिंतीवर रेघ उठेल. चौथं म्हणजे आतली नळी. ती प्लॅस्टिकची हवी. पुठ्ठ्याची असेल तर पाण्याच्या रंगात फुगून सुटते.

दांड्याला मागं आटे किंवा भोक असलेलाच रोलर घ्या, म्हणजे काठी बसवता येते. काठीमुळं शिडीवर चढ-उतार कमी होते आणि रोलरवर सारखा दाब पडतो. पण बाहेरच्या भिंतीजवळून विजेची वायर जात असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची काठी अजिबात नको. ती वायरला टेकली तर जीवावर बेतेल. तिथं लाकडाची किंवा फायबरची कोरडी काठी घ्या आणि वायरपासून लांबच राहा. काम अगदी वायरजवळचंच असेल तर वीज कंपनीला सांगून पुरवठा बंद करून घ्या.

दोन-तीन खोल्यांच्या घराला एवढं सामान पुरतं :

– आतल्या भिंतींना नऊ इंची रोलर, भिंतीच्या पोताप्रमाणं केस
– बाहेरच्या भिंतीला लांब केसांचा नऊ इंची रोलर
– दारं आणि अवघड जागांसाठी चार इंची छोटा रोलर
– चार इंची ब्रश एक, दीड-दोन इंची ब्रश एक
– पुट्टी ब्लेड, एक रुंद आणि एक अरुंद
– पॉलिश पेपर, १८० नंबरचा आणि शेवटच्या हाताला ३२० नंबरचा
– ट्रे किंवा बादलीत टाकायची जाळी, मास्किंग टेप, जुन्या साड्या किंवा पोती, मास्क

पुट्टी आणि प्रायमर, आधी काय?

यावर गावात दोन मतं असतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक पुट्टीचा आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर ती प्रायमरशिवाय गिलाव्यावर बसते. भिंतीवर आधी हलकं पाणी शिंपडायचं, पुट्टीचे दोन पातळ हात द्यायचे, वाळल्यावर घासायचं आणि मग प्रायमर. तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, घासून पुन्हा प्रायमर. ही पुट्टी आतल्या भिंतीलाच वापरायची, बाहेर पावसात टिकत नाही.

इथं कुणी म्हणेल, मघाशी भिंत वाळवायला सांगितली आणि आता पाणी शिंपडायला सांगताय. तर हे शिंपडलेलं पाणी वरवरचं असतं, ते लगेच उडून जातं. त्रास देतं ते आत मुरलेलं पाणी.

पुट्टी घासताना उडणारी पूड फार बारीक असते. नाकाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा. लहान मुलं आणि दम्याचे पेशंट त्या दिवशी शेजारी पाठवा.

प्रायमरवर पैसे वाचवायला जाऊ नका. नवा गिलावा तहानलेला असतो. त्याच्यावर थेट रंग लावला तर तो रंगातलं पाणी ओढून घेतो, वर कोरडी भुकटी राहते आणि हात लावला की हाताला रंग येतो. शिवाय दोन हातांत भागणारं काम तीन-चार हातांवर जातं.

रोलर फिरवायचा कसा?

नवा रोलर थेट रंगात बुडवू नका. आधी चिकटपट्टी गुंडाळून ओढा, सुटे केस निघतील. पाण्याचा रंग असेल तर रोलर धुऊन, झटकून, किंचित ओलसर असताना वापरा. ऑइल पेंटला मात्र रोलर पूर्ण कोरडा हवा.

आधी छत, मग भिंती. भिंतीचे कोपरे, छताची कड, खिडकीच्या बाजू पहिल्यांदा ब्रशनं दोन-तीन इंच रंगवून घ्या. ती कड ओली असतानाच रोलर जवळ आणा, म्हणजे ब्रशचा आणि रोलरचा रंग एकमेकांत मिसळतो.

रोलर रंगात अर्धाच बुडवा, जाळीवर दोन-तीनदा फिरवून जादा रंग काढा. भिंतीवर आधी नागमोडी फिरवा, मग मधली जागा भरा आणि शेवटी वरून खाली हलक्या हातानं एकसारखा ओढा. रोलरमधला रंग संपला म्हणून जोरानं दाबू नका. दाबला की कडांना रेघा उठतात. एक भिंत सुरू केली की ती संपवूनच चहाला बसा. अर्ध्यात सोडलेल्या भिंतीवर जोड दिसतो आणि तो वरच्या हातानंही नीट झाकत नाही.

दोन हातांमध्ये साधारण चार ते सहा तास जाऊ द्या, दमट हवेत जास्त. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात तापलेली पश्चिमेची भिंत रंगवू नका. रंग पसरायच्या आतच वाळतो. सावली जशी फिरेल तसे तुम्ही फिरा. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला. डबा पुरवायला घातलेलं जादा पाणी पुढच्या वर्षी भिंतीवर दिसतं.

रंग किती आणायचा?

समजा खोली दहा बाय बारा आणि उंची दहा फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट झाल्या. दार आणि खिडकीचे साधारण ५० वजा करा, राहिले ३९०. छताचे १२० वेगळे. डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते छापलेलं असतं, त्यानं भागा. पण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो आणि कधी एका हाताचा, कधी दोन हातांचा असतो, हे नीट वाचा. सँडफेसला रंग बराच जास्त लागतो. एका भिंतीला पुरेल एवढा रंग एकाच वेळी कालवा. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या छटेत थोडा फरक पडू शकतो.

काम रंगाऱ्याला दिलं तर

मजुरीवर द्या किंवा सामानासकट द्या, बोलणं आधीच स्पष्ट करा. पुट्टीचे हात किती, प्रायमर कुठला, रंगाचे हात किती आणि रोलर-ब्रश कुणाचे, हे कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवा. रंगारी जुनाच रोलर घेऊन आला तर तो हातात घेऊन बघा. केस गळालेला, मागच्या कामाच्या रंगानं कडक झालेला असेल तर आपण नवा आणून दिलेला परवडतो. आणि रंगारी म्हणाला, "भाऊ, भिंत अजून ओली हाय, आठ दिवस थांबा," तर त्याला कामचुकार समजू नका. आठ दिवसांची त्याची मजुरी बुडत असतानाही तो तुमचं भलं सांगतोय.

काम संपलं की

रोलरमधला उरलेला रंग ब्लेडनं खरवडून डब्यात परत घ्या. पाण्याचा रंग असेल तर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा आणि रोलर उभा किंवा टांगून वाळवा. ऑइल पेंटचा टर्पेंटाइननं धुवा, पण चूल, विडी, देवापुढचा दिवा यांच्यापासून लांब. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका. काम फक्त रात्रीपुरतं थांबवायचं असेल तर रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा, सकाळी तसाच चालतो.

दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानांत गर्दी होईल, रंगारीही मिळणार नाहीत. त्याआधी एक काम आजच करून ठेवा. घरातला एक प्लॅस्टिकचा कागद घ्या आणि भिंतीला चिकटवा. उद्या त्यात पाणी दिसलं नाही, तर भिंतीवरून तळहात फिरवा आणि मग दुकानात जा. दुकानदारानं "कुठल्या भिंतीला?" असं विचारलं, तर या वेळी तुमच्याकडं उत्तर असेल.